व्हिडिओ गेममधील संगीत : पार्श्वसंगीत की साथसंगत?

गोषवारा

व्हिडिओ गेममधील संगीताला आज पुरस्कार, संगीतसभा आणि अभिलेखागारे यांच्याद्वारे प्रतिष्ठा लाभली आहे. तथापि ही प्रतिष्ठा बहुधा खेळापासून अलग केलेल्या धुनेला मिळते. खेळ चालू असताना हे संगीत नेमके कोणते कार्य करते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात १९७८ ते १९९१ या काळातील काही खेळांच्या आधारे या संगीताचे स्वरूप तपासले असून, त्याच्या मूल्यमापनासाठी ‘पार्श्वसंगीत’ या संज्ञेपेक्षा ‘साथसंगत’ ही भारतीय संगीतव्यवहारातील संज्ञा अधिक उपयुक्त ठरते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, पार्श्वसंगीत, साथसंगत, आवर्तन, लोकप्रिय संस्कृती, संगीतसमीक्षा.

१. प्रस्तावना

लोकप्रिय करमणुकीविषयी सर्वसामान्य माणसाला जे कुतूहलाचे प्रश्न पडतात, ते विद्वत्चर्चेत बहुधा बालिश मानले जातात. खेळ अंगावर येऊ लागला की त्याची धून जलद का होते? तीच धून शेकडो वेळा ऐकूनही कंटाळा का येत नाही? मॉस्कोत जन्मलेल्या खेळाला रशियन लोकगीताची चाल जपानमध्ये का चिकटली? हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहेत. परंतु त्यांची उत्तरे शोधू गेल्यास कलाकृतीतील काळावर सत्ता कोणाची, रचनाकाराची की आस्वादकाची, या सौंदर्यशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नापाशी येऊन पोहोचावे लागते.

चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात प्रसंगाची लांबी आधीच ठरलेली असते. संगीतकार मिनिटे आणि सेकंद मोजून रचना करू शकतो. व्हिडिओ गेममध्ये ही सोय नाही. खेळाडू एखाद्या टप्प्यावर दहा सेकंद थांबेल की दहा मिनिटे, हे रचनाकाराला ठाऊक नसते. परिणामी ज्या संगीताचा शेवट रचनाकाराच्या हाती नाही असे संगीत त्याला लिहावे लागते. चित्रपटसंगीताची परिभाषा या संगीताला जशीच्या तशी लावली असता ती अपुरी पडते, याचे कारण हेच होय.

२. चार स्वरांचा धाक

जपानमधील टायटो या कंपनीने १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आणला. त्याचे रचनाकार तोमोहिरो निशिकादो. पडद्यावर पाच रांगांत प्रत्येकी अकरा, असे एकूण ५५ परग्रहवासी खाली सरकत येतात आणि त्यांच्या जोडीला उतरत्या क्रमाचे चार खर्जातील स्वर अखंड वाजत राहतात. त्या काळच्या खेळांतील आवाज बहुतेक घटनेपुरता, म्हणजे गोळी सुटली वा स्फोट झाला की ऐकू येई. अखंड चालणाऱ्या ध्वनीच्या आरंभीच्या उदाहरणांत या चार स्वरांची गणना होते.

या खेळाच्या वाढत्या गतीचे मूळ यंत्राच्या मर्यादेत आहे. त्यातील मायक्रोप्रोसेसर एका वेळी एकच आकृती पुढे सरकवीत असे. त्यामुळे ५५ आकृत्यांची एक फेरी पूर्ण होण्यास वेळ लागे. शत्रू मारले गेले की उरलेल्यांची फेरी लवकर संपे आणि ते आपोआप वेगाने चालू लागत. हा परिणाम दोष मानून दुरुस्त न करता निशिकादो यांनी तो खेळाचे वैशिष्ट्य म्हणून ठेवला. ध्वनीची लयही उरलेल्या शत्रूंच्या संख्येशी बांधलेली असल्याने, खेळाडू जसजसा यशस्वी होतो तसतसे संगीत द्रुत होते आणि यश हेच संकट होऊन बसते.

सुरावटीच्या निकषावर या चार स्वरांना काहीच मोल देता येणार नाही. संगीतसभेत ते वाजविल्यास श्रोते अर्ध्या मिनिटात कंटाळतील. मात्र खेळणाऱ्याला ते पुढील क्षणाची वर्दी देतात आणि तो वेगही त्याच्याच कृतीने निर्माण झालेला असतो. येथे संगीताचे मूल्य स्वरांत नसून स्वर आणि कृती यांच्या संबंधात आहे.

३. उडीने छेदलेली धून

निन्टेन्डो कंपनीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळासाठी कोजी कोन्दो यांनी रचलेली भूपृष्ठावरील धून जगभर ओळखली जाते. भारतात नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या, त्या यंत्राच्या स्वस्त नकली आवृत्त्यांमुळे महाराष्ट्रातील एका पिढीच्याही ती कानी पडली आहे. ‘फॅमिकॉम’ या मूळ यंत्राची ध्वनिचिप पाच मार्ग पुरवीत असे : चौकोनी तरंगांचे दोन, त्रिकोणी तरंगाचा एक, गोंगाटाचा एक आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी एक. म्हणजे मुख्य सुरावट, तिची जोड, खर्ज आणि ताल एवढ्यातच सारे बसवायचे होते.

त्यातही अडचण अशी, की संगीत आणि ध्वनिपरिणाम यांना हेच मार्ग वाटून घ्यावे लागत. मारिओने उडी मारली वा नाणे मिळविले की त्या आवाजासाठी संगीतातील एखादा स्वरमार्ग क्षणभर काढून घेतला जाई. म्हणजेच खेळाडूची प्रत्येक उडी रचनाकाराच्या धुनेला छेद देत असे. यातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. ज्यांनी हा खेळ खेळला त्यांनी ही धून तिच्या निर्भेळ, अखंड रूपात क्वचितच ऐकली. त्यांच्या स्मरणात आहे ती त्यांच्याच उड्यांनी भरलेली आणि तुटलेली धून.

शिवाय ही धून बोलकी आहे. उरलेला वेळ १०० एककांखाली गेला की इशाऱ्याचे स्वर वाजून तिची लय वाढते. चमकता तारा हाती लागला की धून बदलते आणि ती पूर्ववत झाली की अभेद्यतेचे कवच संपत आल्याचे कळते. पाण्याखालील टप्प्यात तीन मात्रांच्या वॉल्ट्झची डौलदार गती येते आणि मारिओची बदललेली, तरंगती चाल त्या गतीशी जुळते. नजर अडथळ्यांवर खिळलेली असताना पडद्याच्या कोपऱ्यातील आकडे वाचण्याचे काम येथे कान करतो.

४. साथ ही संज्ञा

या संगीताच्या स्वरूपाचा उलगडा करण्यासाठी भारतीय संगीतव्यवहारातील ‘साथ’ ही कल्पना साहाय्यभूत ठरते. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम वा सारंगीवर लेहरा धरला जातो. एकच लहान सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते. तिची पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही, कारण श्रोत्याचे अवधान तबलावादकाच्या विस्ताराकडे असते आणि समेचे भान मात्र लेहऱ्यामुळे टिकते. व्हिडिओ गेममधील आवर्ती धून असेच कार्य करते. विस्तार खेळाडू करतो आणि धून त्याला आधार देते. शेकडो वेळा ऐकूनही ती नकोशी का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते.

साथीदाराचे मूल्यमापन करताना त्याच्या सुरेलपणाबरोबरच मुख्य कलावंताकडे त्याचे अवधान किती आहे हेही पाहिले जाते. हा निकष लावला असता ‘मंकी आयलंड २’ (१९९१) या खेळाचे महत्त्व ध्यानात येते. लुकासआर्ट्स कंपनीतील मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी विकसित केलेली ‘आयम्यूज’ ही प्रणाली या खेळात प्रथम वापरली गेली. खेळाडू एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी गेला की आधीची धून मध्येच न तोडता, संगीतदृष्ट्या योग्य जागा येईपर्यंत थांबून ती पुढील धुनेत वळविण्याची सोय तीत होती. जाणता साथीदार समेची वाट पाहतो, तसेच हे होते. रचनाकाराला आता एकच सलग रचना लिहून भागत नव्हते, तर वळणांच्या शक्यताही लिहाव्या लागत होत्या.

अर्थात साधर्म्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. हाडामांसाचा साथीदार कलावंताला अनपेक्षित उत्तर देऊ शकतो, प्रसंगी त्याला डिवचू शकतो. प्रणाली मात्र आधी योजलेल्या शक्यतांपैकीच एक निवडते.

५. प्रतिवाद : टेट्रिस

या प्रतिपादनाला ‘टेट्रिस’ गंभीर आव्हान देतो. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे तयार केलेल्या मूळ खेळात संगीत नव्हतेच. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ या हातातील यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीत हिरोकाझु तनाका यांनी ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची चाल बसविली. हे गीत निकोलाय नेक्रासोव यांच्या १८६१ मधील काव्यावर आधारलेले, फेरीवाल्यांविषयीचे आहे. विशेष म्हणजे जपानमधील अगदी पहिल्या प्रतींत त्या जागी एक मिन्युएट होता व ही चाल नंतर आली. शिवाय खेळाडूला तीन धुनांपैकी कोणतीही निवडण्याची वा संगीत पूर्ण बंद ठेवण्याची मुभा होती. धून बदलली वा थांबली तरी खेळ चालतो, तर मग तिचा कृतीशी संबंध अनिवार्य कसा म्हणावा?

हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. येथील चाल खेळाडूला माहिती पुरविण्यापेक्षा खेळाला ओळख देते. सोव्हिएत उगमाचा रंग लेवून बाजारात आलेल्या खेळाला त्या चालीने राष्ट्रीय चेहरा दिला. मात्र याच वर्षी आलेल्या, त्याच कंपनीच्या घरगुती यंत्रावरील आवृत्तीत ठोकळ्यांचा ढीग वर चढला की संगीत जलद होते. म्हणजे चाल बदलता येते, पण साथीची गरज पुन्हा डोके वर काढते. तेव्हा खेळातील सर्व संगीत एकाच मापाने न मोजता सूचक, आधारभूत आणि ओळख देणारे असे त्याचे कार्यपरत्वे स्तर मानणे इष्ट ठरेल.

६. प्रतिष्ठेची किंमत

संगीतसभांचा मार्ग लवकरच खुला झाला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) या खेळाचे कोइची सुगियामा यांनी रचलेले संगीत पुढच्याच वर्षी वाद्यवृंदाने सभागृहात सादर केले आणि २०२१ मध्ये तोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनातील संचलनात त्याची धून वाजली. क्रिस्टोफर टिन यांच्या ‘बाबा येतू’ या रचनेला २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. व्हिडिओ गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेला तो पहिला ग्रॅमी होय. २०२३ मध्ये ग्रॅमीने या संगीताचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने मारिओची धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत समाविष्ट केली. तेथे स्थान मिळविणारे हे पहिले व्हिडिओ गेम संगीत.

हे सारे स्वागतार्ह असले तरी गौरव नेमका कशाचा झाला, हे पाहणे आवश्यक आहे. ‘बाबा येतू’ ही ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) या खेळाच्या प्रारंभीच्या निवडसूचीवर वाजते, म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वी. पुरस्कारही तिच्या २००९ मधील स्वतंत्र गीतसंग्रहातील रूपाला मिळाला. खेळाडूच्या कृतीशी जिचा सर्वांत कमी संबंध, तीच रचना सर्वप्रथम सन्मानित व्हावी हा केवळ योगायोग नव्हे. जे संगीत खेळातून सहज उचलता येते तेच सभागृहाला दिसते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे चार स्वर त्याला दिसणे कठीण आहे.

मराठी रसिकाला हा पेच अपरिचित नाही. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’नंतर बहरलेल्या नाट्यपदांना वन्समोअर मिळू लागले, पदे मैफलीत गेली आणि तेथे रुजली. संगीताचा त्यात लाभ झाला. परंतु पद नाट्यप्रसंगात काय करीत होते, हा प्रश्न मैफलीने विचारला नाही.

साथीदाराच्या वाट्याला येणारी अनामिकता या क्षेत्रातही आढळते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पडद्यावर कोन्दो यांचे नाव नाही. ‘कॅसलव्हेनिया’ (१९८६) या खेळाच्या संगीतात किनुयो यामाशिता यांचा प्रमुख वाटा होता. मात्र श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून ‘जेम्स बनाना’ असे विनोदी टोपणनाव झळकले. एका स्त्री-संगीतकाराचे कर्तृत्व अशा रीतीने एका पुरुषी, काल्पनिक नावाआड झाकले गेले. टोपणनावांची ही प्रथा त्या काळी अन्य जपानी कंपन्यांतही होती. त्यामुळे कोणती धून कोणाची, हे ठरविणे आजही संशोधनाचे काम होऊन बसले आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, व्हिडिओ गेममधील संगीताचा काल रचनाकार आणि खेळाडू मिळून घडवितात. म्हणून केवळ सुरावटीच्या आधारे केलेले मूल्यमापन अपुरे ठरते. दुसरा, साथीच्या निकषावर अवधान, आधार आणि सूचकता हे गुण तपासता येतात व साध्या चार स्वरांनाही न्याय मिळतो. तिसरा, केवळ ध्वनिमुद्रण जतन करणे म्हणजे या कलेचा अर्धाच भाग जतन करणे होय. जुनी यंत्रे निकामी होत असताना खेळ खेळता येण्याजोग्या स्थितीत राखणे, हाच त्याच्या संगीताचे जतन करण्याचा खरा मार्ग आहे. नोंदवहीतील धून स्वच्छ आणि अखंड आहे. तिच्यात ती छेदणारी खेळाडूची उडी मात्र नाही, आणि ज्या साथीसाठी ती रचली गेली ती साथ त्या उडीवाचून ऐकू येत नाही.