मेंदू-उद्दीपन व बोधनिक प्रशिक्षण यांचा संयोग : स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्किझोफ्रेनियातील भास व भ्रम औषधांनी बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. मात्र अवधान, स्मृती व नियोजन यांतील उणिवा औषधांनी फारशा भरून निघत नाहीत. रुग्णाचे शिक्षण, नोकरी व कुटुंबातील स्थान बहुतांशी याच क्षमतांवर अवलंबून असते. म्हणूनच बोधनिक प्रशिक्षणाला सौम्य विद्युत्-उद्दीपनाची जोड देण्याच्या प्रयत्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सैद्धांतिक आधार :
डोक्यावर ठेवलेल्या विद्युत्-अग्रांतून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह दिल्यास मेंदूच्या कारक क्षेत्राची उत्तेजनक्षमता बदलते, हे नित्शे व पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवले. यात शस्त्रक्रिया करावी लागत नाही. प्रवाह स्वतः काहीही शिकवत नाही. तो मेंदूला शिकण्यास अनुकूल करतो, असे या संयोगामागील गृहीतक आहे.

पुराव्याची चिकित्सा :
ओर्लोव्ह व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लंडन येथील ४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरे उद्दीपन मिळालेल्या गटाची कार्यकारी स्मृती बनावट उद्दीपन मिळालेल्या गटापेक्षा अधिक सुधारली. परंतु अव्यक्त अध्ययनात असा फरक आढळला नाही. म्हणजेच उद्दीपनाचा लाभ सरसकट मिळत नाही. शिवाय अशा अभ्यासांत प्रशिक्षण सहसा दोन्ही गटांना दिले जाते. त्यामुळे प्रवाहाने प्रशिक्षणात भर पडते काय, एवढेच कळते. प्रशिक्षणाविना प्रवाहाचे मोल किती, हे कळत नाही. संगणकावरील कसोटीत वाढलेले गुण आणि बाजारहाट किंवा नोकरी स्वतः सांभाळता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या दृष्टीने वाइक्स व सहकाऱ्यांचे २०११ मधील एकत्रित विश्लेषण महत्त्वाचे ठरते. त्यात ४० अभ्यास व २,१०४ व्यक्तींचा समावेश होता. बोधनिक क्षमतांवर प्रशिक्षणाचा परिणाम मध्यम (०.४५) आढळला, मात्र दैनंदिन कार्यक्षमतेतील सुधारणा पुनर्वसनाची जोड असताना अधिक होती. हा निष्कर्ष कोणत्याही विद्युत्-उपकरणावर अवलंबून नव्हता.

निष्कर्ष :
हा संयोग आश्वासक असला तरी सिद्ध उपचार म्हणून रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे मांडणे उचित ठरणार नाही. पुढील अभ्यासांत प्रवाह, प्रशिक्षण व पुनर्वसन यांचे परिणाम स्वतंत्रपणे मोजले जावेत आणि यशाचा निकष कसोटीतील गुण नव्हे, तर रुग्णाचे रोजचे जगणे असावा. उपकरणाच्या आकर्षणापोटी पुनर्वसन मागे पडल्यास सर्वाधिक हानी रुग्णाचीच होईल.