हवा, उजेड आणि भाडे
कामोठ्यातील आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवरच उघडते. चकल्यासुद्धा भरदिवसा दिवा लावून तळाव्या लागतात. म्हणूनच मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेली दादर-माटुंग्याची वसाहत पाहिली, की मला आधी हेवा वाटतो.

१८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला आणि १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, झाडे, घरात हवा-उजेड. रचना देखणी खरीच! पण ती लाभली मध्यमवर्गाला. दाट वस्त्या पाडून ज्यांना उठवले, त्या हमाल-मजुरांना दादरचे भाडे कोठून परवडणार? ती माणसे कामाजवळच्या चाळींतच अधिक दाटीने राहिली. ट्रस्टनेही चाळी बांधल्या, नाही असे नाही. परंतु सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने त्या फारच अपुऱ्या पडल्या.