घरातला खोडा

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वर्गात शिकवून झाले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बाईंनी सगळ्या महारवाड्याचं सांगितलं, मग स्वतःच्या नवऱ्याचं फारसं का नाही?” मी म्हणालो, “हे समूहाचे आत्मकथन आहे.” उत्तर चूक नव्हते, पण पळवाटेचे होते.

या पुस्तकात सुनेचे जे हाल येतात, ते कोणा सवर्णाने केलेले नाहीत. आठ-नऊ वर्षांची पोर सासरी येते, रात्री उठून दळायला बसते, भाकरी बिघडली की मार खाते. पळून गेली तर पायात लाकडी खोडा पडतो. गावाने ज्यांना गुलाम केले, त्यांनीही घरात एक गुलाम ठेवली, हे बेबीताई कोणतीही भीड न ठेवता मांडतात. आमची समीक्षा मात्र गावकुसाबाहेरची भूक तेवढी उचलते आणि घरातला खोडा तिथेच सोडते.

मग स्वतःविषयी त्या का थांबल्या? फलटणला दुकानात बसून लिहिलेल्या वह्या त्यांनी सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवल्या. २००८ साली पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादासोबत माया पंडित यांनी घेतलेली मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत त्या नवऱ्याचा संशय आणि मार यांविषयी बोलल्या. सगळ्याच बायकांनी सोसले, त्यात आपले वेगळे काय सांगायचे, असा त्यांचा सूर होता. हे मौन दुबळेपणाचे नव्हे. समाजाची अब्रू झाकणे हेही लग्नाने बाईच्या पदरात टाकलेले काम आहे.

उर्मिला पवार यांनी ‘आयदान’मध्ये (२००३) ते काम नाकारले. पगार नवऱ्याच्या हाती देणारी आणि एम.ए. करू लागताच ‘आधी घर बघ’ हे ऐकणारी बायको तिथे भेटते. तो नवरा खलनायक नाही, तुमच्याआमच्यासारखाच आहे. म्हणूनच ती पाने आपल्याला बोचतात.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची गुलामी नाकारावी. हे मी भाषणांतून कितीदा सांगितले! पण माझ्या घरी कार्यकर्त्यांची बैठक भरते, तेव्हा माझी पदवीधर पत्नी चहा ठेवून आत वळते आणि मी तिला ‘बस’ म्हणत नाही.

त्या मुलीला आता खरे उत्तर द्यायला हवे. बेबीताईंना सांगता येत नव्हते असे नाही. ऐकायला आपण तयार नव्हतो.