अठ्ठेचाळीस तासांची संहिता : गेम जॅममधील लघुखेळ, नियम आणि मराठी समीक्षा

गोषवारा

मर्यादित वेळेत व्हिडिओ गेम तयार करण्याच्या उपक्रमास गेम जॅम असे म्हणतात. अशा उपक्रमात सिद्ध होणाऱ्या लघुखेळाकडे मराठी समीक्षेने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. खेळाचा आशय त्याच्या चित्रांपेक्षा नियमांत शोधावा, ही या लेखाची भूमिका आहे. ती तपासण्यासाठी मोक्षपट, ‘बाबा इज यू’ व ‘राजी’ या तीन खेळांचा आधार घेतला असून अखेरीस चंद्रपूर-ऊर्जानगर परिसराच्या संदर्भात काही शक्यता मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : गेम जॅम, नियम, मोक्षपट, झाडीपट्टी रंगभूमी, विभक्तिप्रत्यय.

प्रस्तावना

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे क्रीडनीयक मागतात. क्रीडनीयक म्हणजे खेळण्याचे साधन. नाट्याची उत्पत्तीच खेळाच्या मागणीतून झाली, असे सांगणारी परंपरा आपल्यापाशी असतानाही मराठी समीक्षेने खेळ हा विषय बालसाहित्य किंवा लोकसंस्कृती या सदरांपुरता मर्यादित ठेवला. व्हिडिओ गेमविषयी तर मुख्यतः व्यसन, वेळेचा अपव्यय आणि हिंसा एवढ्याच अंगाने लिहिले जाते. ही चिंता निराधार नाही. तथापि कादंबरीवाचनाने तरुण बिघडतात, असे एकेकाळी म्हटले गेले म्हणून कादंबरीची समीक्षा थांबली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

या प्रश्नास आज व्यावहारिक निकडही आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात प्रकल्पकार्यास श्रेयांक मिळतात. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून स्वतः तयार केलेला लघुखेळ सादर केल्यास त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावयाचे? संगणकशास्त्राचा प्राध्यापक त्यातील आज्ञावली तपासेल, परंतु त्या खेळाने काय म्हटले, हे कोण तपासणार?

गेम जॅम : स्वरूप आणि मर्यादा

मार्च २००२ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथे काही मोजक्या खेळकर्त्यांनी एकत्र येऊन इंडी गेम जॅम हा उपक्रम केला. त्याच वर्षी लुडम डेअर या स्पर्धेसही प्रारंभ झाला. ग्लोबल गेम जॅमचे पहिले आयोजन जानेवारी २००९ च्या अखेरीस २३ देशांतील ५३ ठिकाणी झाले. अशा उपक्रमांची सर्वसाधारण पद्धत अशी : आरंभी एक विषयसूत्र जाहीर होते, त्यानंतर ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ तासांत, खेळ पूर्ण करावयाचा. ‘जॅम’ हा शब्द संगीतातून आला आहे. पूर्वतयारीशिवाय कलावंतांनी एकत्र येऊन वाजविणे, असा त्याचा मूळ अर्थ होय.

घाईत केलेली निर्मिती कच्चीच असणार, हा आक्षेप येथे स्वाभाविक आहे. परंतु झाडीपट्टीतील वाचकास तो पूर्णतः पटू नये. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. देसाईगंज (वडसा) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र आहे. मोजक्या तालमी, प्रॉम्प्टरचा आधार आणि समोर गावाचा जाणकार प्रेक्षक, अशा स्थितीत हे प्रयोग उभे राहतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अपुरा वेळ येथे शैली घडवितो : ठळक अभिनय, थेट संवाद, लगेच पकडता येणारी कथा. गेम जॅममध्येही हेच घडते. चित्रे रेखाटण्यास वेळ नसतो, लांब कथा लिहिण्यासही नसतो. कर्त्याच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नियम. म्हणून लघुखेळात नियम उघडा पडतो आणि समीक्षकाला तो स्पष्ट दिसतो.

नियम हाच आशय

खेळाचे नियम स्वतःच एक विधान करतात, हा विचार इयान बोगोस्ट यांनी २००७ मध्ये ‘पर्स्युएसिव्ह गेम्स’ या ग्रंथात मांडला. मिगेल सिकार्ट यांनी २०११ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. खेळणाऱ्याचा सहभाग नियमांपलीकडे अर्थ निर्माण करतो, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. हा आक्षेप ग्राह्य मानूनही नियमाचे महत्त्व कमी होत नाही. आपल्याकडील मोक्षपट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मराठी परंपरा या पटाचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. शिडी पुण्याची, साप पापाचा, हे सर्वश्रुत आहे. परंतु या पटातील खरे तत्त्वज्ञान कवड्यांच्या किंवा फाशांच्या दानात आहे. खेळणाऱ्यास निवड नाही. दान पडेल तसे चालावयाचे आणि पडल्यावर पुन्हा आरंभ करावयाचा. घरांची नावे पुसली तरी दैवाधीनतेचे हे विधान शिल्लक राहते. इंग्लंडमार्गे सर्वत्र रूढ झालेल्या सापशिडीत नेमके हेच झाले.

अर्वाचीन उदाहरण ‘बाबा इज यू’ या खेळाचे घेता येईल. फिनलंडचे आर्वी टेइकारी यांनी २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये याची पहिली आवृत्ती केली आणि २०१९ मध्ये तो विस्तारित रूपात प्रसिद्ध झाला. यात शब्द हे ढकलता येणारे ठोकळे आहेत. ‘भिंत म्हणजे अडथळा’ अशा अर्थाचे तीन ठोकळे ओळीत असतील, तोवर भिंत अडविते. त्यातील एक ठोकळा बाजूस सारला की भिंतीतून आरपार जाता येते. वाक्य मोडले की जग बदलते, हा भाषाविचार येथे एकाही उपदेशाविना प्रत्ययास येतो.

मराठीच्या अध्यापकाने येथे थोडे थांबावे. या खेळाची रचना इंग्रजी वाक्यक्रमावर उभी आहे, कारण इंग्रजीत शब्दाचे स्थान हेच त्याचे कार्य ठरविते. मराठीत ते कार्य विभक्तिप्रत्यय करतात. ‘माणूस वाघाला पाहतो’ आणि ‘वाघाला माणूस पाहतो’ यांत क्रम बदलला तरी पाहणारा माणूसच आहे. ‘ला’ हा प्रत्यय माणसाकडे सरकविला की ‘माणसाला वाघ पाहतो’ असे होते आणि सारी परिस्थिती उलटते. म्हणजे मराठीतील असा खेळ शब्दांऐवजी प्रत्यय ढकलण्याचा होईल आणि सामान्यरूप हा त्यातील कोड्याचा भाग बनेल. तो भाषांतराने मिळणार नाही, मुळातून रचावा लागेल. ताडोबाच्या परिसरात तर ‘कोण कोणाला पाहतो’ हा प्रश्न व्याकरणापुरता उरत नाही.

‘राजी’ : दृश्य आणि कृती यांतील अंतर

महाराष्ट्रात निर्माण झालेल्या खेळांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) उल्लेखनीय आहे. तो जॅममधील लघुखेळ नव्हे, तर काही वर्षांच्या परिश्रमांचे फलित आहे. म्हणूनच तुलनेस तो उपयोगी पडतो. २०१७ मधील लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी होऊनही कर्त्यांनी तो पूर्णत्वास नेला. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनात त्याचा समावेश झाला. राजस्थानी वास्तुशैली, छायाबाहुल्यांचे कथन, विष्णू व दुर्गा यांचे निवेदन यांमुळे त्याचे दृश्यरूप लक्षणीय ठरते.

परंतु खेळणाऱ्याने करावयाच्या कृती पाहिल्या तर उड्या मारणे, भिंतीवरून धावणे आणि राक्षसांच्या टोळ्या संपविणे, हे पाश्चात्त्य साहसखेळांचे परिचित व्याकरण आढळते. भारतीयत्व नेपथ्यात आहे, नियमात क्वचितच आहे. फिरवून चित्र जुळविण्याच्या कोड्यांत मात्र बहीण-भावाच्या आठवणी उलगडतात आणि तेथे हातांची कृती व मनातील भाव एकरूप होतात. संपूर्ण खेळातील हे सर्वाधिक मराठी मनास भिडणारे क्षण असावेत, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. नेपथ्यावर वर्षे खर्च करता येतात, नियम सुचण्यास मात्र साधनसंपत्ती लागत नाही, हा लघुखेळकर्त्यास यातून मिळणारा दिलासा होय.

ऊर्जानगरच्या संदर्भात

स्थानिक विषयावरील खेळ म्हटला की वाघ, जंगल व धुराडी यांची चित्रे प्रथम सुचतात. वाघाला शत्रू करून गोळ्या घालावयाच्या असतील, तर ते जंगल ताडोबा असले काय किंवा अन्य कोठले असले काय, फरक पडत नाही. वास्तविक या भूमीत नियम होऊ शकतील अशी विरोधाभासांची सामग्री विपुल आहे. येथील महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. चंद्रपूर-पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश विद्युतवाहिनी १९९९ पासून वीज राज्याच्या पश्चिम टोकाकडे नेते. खेळणाऱ्याने कोळसा घालीत राहावे, आकडा वाढत राहावा आणि प्रकाश मात्र पडद्याच्या दुसऱ्या टोकास पडावा, एवढा एकच नियम दीर्घ निबंधाचे काम करील. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच केंद्राच्या परिसरात कामावरून परतणारा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडला. अशा घटनेवर खेळ करावयाचा तर ‘जिंकणे’ या संकल्पनेचाच फेरविचार करावा लागेल. येथे विषयाचे गांभीर्य ४८ तासांच्या उत्साहावर सोडता येत नाही, ही गेम जॅमची खरी मर्यादा मान्य केली पाहिजे.

साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. ट्वाइन व गोडो ही साधने विनामूल्य आहेत. गोडोच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे विस्कळीत दिसत, मार्च २०२३ मधील ४.० आवृत्तीने ती नीट मांडण्याची सोय केली. जी भाषा पडद्यावर मोडून दिसते, तिच्यात कोणी विचार करू धजत नाही. त्यामुळे ही केवळ तांत्रिक सुधारणा मानता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून लघुखेळाच्या मूल्यमापनासाठी पुढील निकष सुचविता येतात.

१. चित्रे व नावे काढून टाकली तरी नियमांतून काही अर्थ उरतो काय, हे प्रथम पाहावे.

२. खेळातील भाषा ही भाषांतरित सूचना आहे की तिच्या व्याकरणाने खेळाची रचना घडविली आहे, हे तपासावे.

३. स्थानिक वास्तव नेपथ्य म्हणून आले आहे की खेळणाऱ्याच्या निवडीवर त्याचा परिणाम होतो, हे पाहावे.

४. वेळेची मर्यादा हा गुण किंवा दोष न मानता तिने कोणती शैली घडविली, याची नोंद घ्यावी.

हे काम संगणक विभागाचे म्हणून सोडून देणे भाषा-साहित्याच्या अध्यापकांस परवडणारे नाही. प्रत्यय, अर्थ, रस आणि प्रेक्षक यांचा विचार करण्याचे शिक्षण आपण घेतले आहे. आपल्या वर्गातील विद्यार्थी खेळ तयार करू लागतील तेव्हा त्यांना वाचक मिळावा, ही जबाबदारी आपलीच आहे.