'ऋतुचक्रा'तील विस्मय

विस्मय हा बाल्याचा धर्म असून वयाबरोबर तो ओसरतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मराठी समीक्षेत या समजुतीस बालकवींच्या उदाहरणाने बळकटी आली. परंतु बालकवी १९१८ साली, वयाच्या २८व्या वर्षी निवर्तले. प्रौढपणी त्यांची दृष्टी तशीच राहिली असती काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांची कविता देऊ शकत नाही. त्यासाठी दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या ललितलेखसंग्रहाकडेच वळावयास हवे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, लोकसाहित्य व समाजशास्त्र यांच्या व्यासंगात मुरलेल्या लेखिकेचे ते पुस्तक होय.

भरताने विस्मयाची गणना स्थायी भावांत केली. म्हणजे तो मनात नित्य वसणारा भाव ठरला, वयाचा प्रसाद नव्हे. मात्र अद्भुताचे विभाव म्हणून नाट्यशास्त्रात दिव्य दर्शन, विमान, माया, इंद्रजाल अशा दुर्मीळ गोष्टींचाच मुख्यत्वे निर्देश आहे. दुर्मीळाने विस्मित होण्यास विशेष साधना लागत नाही. 'ऋतुचक्रा'तील बारा महिने मात्र दरवर्षी येणारे आहेत. पिंपळाची तांबूस पालवी, फणसाची कोवळी फळे, कोणी ढुंकूनही न पाहिलेली घाणेरी, हेच त्यातील चैत्राचे वैभव. परिचिताचे अपरिचितपण शोधणे हे या लेखनाचे खरे कार्य होय.

हे कार्य भाबडेपणाने साधलेले नाही. झाडाचे नाव, त्याचा बहर, त्याविषयीची लोककथा हे सारे लेखिकेला ज्ञात आहे. आणि ज्ञानामुळेच तिची नजर तेथे रेंगाळते. ज्ञानाने विस्मय मावळतो, या समजुतीचे निराकरण या पुस्तकाइतके मराठीत क्वचितच झाले असेल. विस्मयाचा खरा शत्रू ज्ञान नसून 'हे तर ठाऊकच आहे' असे म्हणून दृष्टी वळविणारी सवय होय.

अशा दृष्टीला समृद्ध निसर्गाचा शेजार अपरिहार्य आहे, असा आक्षेप संभवतो. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्यालगतची धायरी या आक्षेपाच्या कसोटीस योग्य स्थळ आहे. धारेश्वराचे हे जुने गाव. त्याचा उर्वरित भागही २०१७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाला. शेतांच्या जागी इमारती आल्या. तथापि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि पडीक जागांत घाणेरी आजही माजते. ती मूळची अमेरिकेतील, येथे उपद्रवी ठरलेली. तिच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले दिसतात, कारण जून होताना फूल रंग पालटते. एवढे कळल्यावर तो गुच्छ पाहणाऱ्यास अधिकच नवल वाटते. म्हणजे 'ऋतुचक्रा'ची दृष्टी अरण्यावाचूनही चालू शकते. तिला थांबून पाहणारा मात्र हवा.

पुस्तकात उणीव नाही असे नव्हे. काही ठिकाणी संदर्भांची दाटी होऊन प्रत्यक्ष दर्शन मागे पडते, आणि तेथे विस्मयाऐवजी व्यासंगच प्रकट होतो. परंतु ही उणीवदेखील मूळ सिद्धान्ताची पुष्टीच करते: ज्ञान दृष्टीच्या सेवेत असेल तोवर विस्मय वाढतो, तिची जागा घेऊ लागताच आटतो. प्रौढत्वात विस्मय टिकविणे म्हणजे बाल्याकडे परतणे नव्हे. स्थायी भावाला प्रतिवर्षी नवा विभाव मिळवून देण्याचा तो अभ्यास होय.