कातडे गेले, उतरंड गेली काय?

2015 साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि धारावीतील चर्मकारांचे काम आटले. कलावंत सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ उभारून त्याच हातांत टाकाऊ ट्यूब-टायरचे रबर दिले. पिशव्या झाल्या, 2024 मध्ये मायामीच्या प्रदर्शनात खुर्च्याही पोचल्या. शिवी म्हणून फेकलेले जातीचे नाव वस्तूवर ताठ मानेने मिरवणे हे बंडच होय. मी त्याचे स्वागत करतो.

परंतु जन्माने लादलेल्या धंद्यावर बाबासाहेबांनी 1936 मध्येच घाव घातला होता. मोर्शीच्या महाविद्यालयात माझ्यापुढे बसणाऱ्या चर्मकाराच्या मुलाला नुसती आरी नको. रबराचे रसायन, वस्तूचा आराखडा आणि हिशेबाची वही हवी. तो शिवणाराच राहणार असेल, तर कातड्याजागी रबर आले एवढेच झाले!