हरवले की नाकारले?

मराठी ललितगद्यात जुन्या गावगाड्याविषयी फार गहिवर दाटलेला असतो. पाणवठा, जाते, बलुतेदारी, सारेच ‘हरवले’! माझा प्रश्न साधा आहे: कुणाचे हरवले? कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून त्या पाणवठ्यापासून दूर ताटकळणारी बाई या लेखनात का दिसत नाही? येसकराची काठी आणि दारोदार मागितलेली भाकरी काळाच्या ओघात नाहीशा झाल्या नाहीत. १९२७ च्या चवदार तळ्यापासून महारवतन रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्यापर्यंत माणसांनी लढून त्या नाकारल्या. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दावरचा गोड मुलामा उतरला.

मात्र एक कबूल केले पाहिजे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले, आणि आमच्या आयाबायांच्या भीमरायावरच्या ओव्याही ओठांवरून गेल्या. ही हानी खरी आहे. म्हणून ओवी लिहून ठेवावी. जाते परत मागू नये. ‘हरवले’ आणि ‘नाकारले’ ही दोन क्रियापदे निराळी आहेत. त्यांतला भेद पुसणारे स्मरणरंजन कितीही सुंदर असो, ते अर्धेच सत्य सांगते.